न चढलेली पानवेल

माणसाने झाड खुशाल लावावं, पण वेल लावण्याआधी दहादा विचार करावा. झाड लावलेल्या जागी उभं राहतं आणि लावणाऱ्याशी इमान राखतं. वेलीचं तसं नाही. तिला पाणी आपण घालायचं, माती आपण उकरायची, किडे आपण वेचायचे, आणि ती जाते शेजाऱ्यांकडे.

तळमजल्यावरच्या आपल्या खिडकीखाली पानवेल लावताना सरांनी असा काही विचार केला नव्हता. विचार करायची वेळ त्यांच्यावर सहसा येतच नसे. त्यांना आधीच खात्री असे. उभी हयात त्यांनी भूमिती शिकवली होती, आणि भूमितीत एकदा सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा कुणी उकरून काढत नाही. शाळेत मुलं त्यांना पाठीमागे 'काटकोन' म्हणत. कारण ते तसेच उभे राहत आणि जगानेही तसंच उभं राहावं अशी त्यांची अपेक्षा असे.

खिडकीशेजारून गच्चीवरच्या पाण्याचा पाइप खाली उतरला होता. त्याचा सांधा कायम झिरपत असे आणि त्यामुळे भिंतीला बारा महिने ओल. इमारतीची समिती तो सांधा दुरुस्त करण्याचा ठराव दरवर्षी करत असे आणि पाइप दरवर्षी झिरपत असे. वेलीला यापेक्षा चांगलं सासर मिळणं कठीण होतं. तिने पाइपाला पेरापेरातून मुळांच्या बारीक नख्या रोवल्या आणि ती चढू लागली. पहिल्या मजल्यावर पोचली तेव्हा घरात आनंद झाला. दुसऱ्यावर पोचली तेव्हा सरांना अभिमान वाटला. तिसऱ्यावर पोचली तेव्हा सरांची बायको, जिला सगळी इमारत काकू म्हणत असे, खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघत म्हणाली, "अहो, आता आपल्या वाटणीला काय राहिलंय ते एकदा बघून घ्या."

पण ते पुढचं. मधली दोन-तीन वर्षं सरांच्या आयुष्यातली सोन्याची गेली.

निवृत्त झाल्यापासून सरांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. ज्या माणसाने जन्मभर 'समजलं का?' असं विचारलं, त्याच्यापुढे आता समजून घ्यायला कुणी नव्हतं. काकूंना सगळं लग्नाच्या पहिल्याच वर्षात समजलं होतं. अशा वेळी वेल मोठी झाली आणि दाराची घंटा वाजू लागली. कुणाच्या नातवाची छाती भरलेली, कुणाचा घसा बसलेला, कुणाचं डोकं धरलेलं. "सर, दोन पानं मिळतील का?" असं म्हणून माणूस आत येई आणि तासाभराने पानं व ज्ञान दोन्ही घेऊन बाहेर पडे. नुसती पानं द्यायला सर काही भाजीवाले नव्हते.

ते अगदी पायरी-पायरीने समजावत. लहान मुलाला सर्दी झाली असेल तर पानाला तेलाचं बोट लावायचं, तव्यावर नुसतं मऊ पडेल इतकंच शेकायचं, आपल्या हाताच्या पाठीवर ठेवून बघायचं आणि मग पोराच्या छातीवर ठेवायचं. मोठ्या माणसाला कोरडा खोकला असेल तर पानाचा चमचाभर रस मधातून. डोकं ठणकत असेल तर कपाळाच्या दोन्ही बाजूंना गार पान. जेवण अंगावर आलं तर नुसतं पान चावून खायचं, त्यात काहीही न घालता. 'काहीही' म्हणताना ते तिसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांकडे रोखून बघत, कारण विमावाल्यांच्या गालात चोवीस तास तंबाखू असे. विमावाले मान डोलावून कबूल करत आणि खिडकीतून बाहेर थुंकून येत.

पहिल्या मजल्यावर सिस्टर राहत. मोठ्या इस्पितळात सारी नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. एकट्याच असत. पानाच्या औषधीपणावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण वैरही नव्हतं. सरांच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्या जिन्यात गाठत आणि सांगत की पान लावायचं तर लावा, पण धाप लागली किंवा ताप चढला तर पान बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, पान काही रागावत नाही. सरांना हे जिन्यातलं पुरवणी शिक्षण आवडत नसे. पण सिस्टरांशी वाद घालणं म्हणजे थर्मामीटरशी वाद घालणं. समोरून उत्तर येत नाही आणि आकडाही बदलत नाही.

गाडं इथवर सुरळीत होतं. ते घसरलं अध्यक्षांच्या छातीवरून.

अध्यक्ष म्हणजे इमारतीच्या समितीचे अध्यक्ष, दुसऱ्या मजल्यावरचे. एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि निवृत्तीच्या वेळी खुर्ची तिथे ठेवून आले तरी बसण्याची पद्धत घेऊन आले. त्यांना खोकला झाला. सरांना वाटलं, अध्यक्षांना पानाने बरं केलं की अख्ख्या इमारतीला निराळी सिद्धता द्यायला नको. त्यांनी अध्यक्षांना आपल्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, सदऱ्याची बटणं काढायला लावली आणि पान तव्यावर टाकलं.

"आता सगळ्यात महत्त्वाची पायरी," सर म्हणाले. "ही जो विसरतो त्याने पानाला हात लावू नये. पान आधी आपल्या हाताच्या पाठीवर ठेवून बघायचं. का बघायचं? तर आपली बोटं चुलीला सरावलेली असतात, त्यांना ऊब कळत नाही, पण हाताच्या पाठीची कातडी छातीसारखीच..." ते अतिशय सुंदर समजावत होते. इतकं सुंदर, की समजावण्याच्या नादात त्यांनी चिमट्यातलं पान हाताच्या पाठीवर न ठेवता सरळ अध्यक्षांच्या छातीवर ठेवलं आणि वरून नीट दाबलं.

अध्यक्ष खुर्चीसकट मागे गेले.

पानवेलीचं पान पत्त्यातल्या बदामासारखं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अध्यक्षांच्या छातीवर त्याच दिवशी लालभडक बदाम उमटला, अगदी देठासकट. सिस्टरांनी येऊन मलम लावलं आणि एक अक्षर न बोलता सरांकडे बघितलं. ते बघणं सरांना पुढे बरेच दिवस पुरलं. अध्यक्षांच्या पत्नीने इमारतीत सांगितलं की आमच्या ह्यांच्या छातीवर या वयात बदाम आलाय आणि तो माझ्यासाठी नाही. सर मात्र एकच मुद्दा धरून बसले, की खोकला गेला की नाही ते बोला. आणि खोकला गेला होता हे खरं. तो पानाने गेला की भीतीने, यावर दोन तट पडले.

त्यानंतर अध्यक्ष सरांशी बोलेनासे झाले. पण आपल्या गॅलरीतली पानं तोडायचे थांबले नाहीत.

याच सुमारास काकूंच्या म्हणण्याचा अर्थ सरांच्या ध्यानात आला. वेल वर हिरवीगार होती, पण खाली, सरांच्या खिडकीसमोर, उरला होता नुसता दांडा. काष्ठासारखा, गाठीगाठीचा, एकही पान नसलेला. पानं सगळी वरच्या तीन मजल्यांवर. घंटा सरांच्या दाराची वाजे, आणि पान द्यायला सरांना जिना चढावा लागे. आपल्याच वेलीची पानं मागायला दारोदार जाणं, हा अपमान भूमितीत कुठे बसत नाही. विमावाले तर मोठ्या मनाने म्हणत, "घ्या सर, संकोच करू नका, आमच्याकडे भरपूर आहेत." सर दोन पानं घेऊन खाली येत आणि काकू विचारत, "दिली का हो त्यांनी? चांगले आहेत बिचारे."

आणखी एक गोष्ट फक्त सरांनाच दिसत होती. वरची पानं दर खुडणीला लहान होत चालली होती. पहिल्या वर्षी पान तळहातभर असे. आता ते जेमतेम डबीच्या झाकणाएवढं.

इथे जरा थांबून पानवेलीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पानवेल नुसती चढवून भागत नाही. ती उंच गेली की उतरवावी लागते. आधारावरून अलगद सोडवायची, पानं खुडून घ्यायची, तो लांबच्या लांब दांडा बुंध्याशी गोल वेटोळं करून मातीत गाडायचा आणि फक्त शेंडा बाहेर ठेवायचा. गाडलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, नवे कोंब येतात, आणि म्हातारी वेल पुन्हा तरुण होऊन चढायला लागते. उतरवली नाही तर ती वरवर जात राहते, पानं बारीक होतात, आणि मग एक दिवस खालचा दांडा वाळतो. सरांच्या मामाचा पानमळा होता. सुटीत तिथे जाऊन त्यांनी हे सगळं बघितलं होतं. वेल उतरवायला झाली होती. नव्हे, उशीरच झाला होता.

सरांनी विडा उचलला आणि इमारतीत जाहीर केलं की रविवारी वेल खाली येईल.

इतके दिवस सगळ्यांच्या लेखी ती सरांची वेल होती. किडे पडले, सरांच्या वेलीचे. भिंतीला ओल आली, सरांच्या वेलीमुळे. रविवारी ती उतरणार म्हटल्यावर मात्र शनिवारपर्यंत ती सगळ्यांची झाली. विमावाले म्हणाले की मुळं खाली असतील, पण पानं आमच्या मजल्यावर आहेत आणि माणूस पानं बघतो, मुळं नाही. कुणी म्हणालं, चढत्या वेलीला खाली ओढणं चांगलं नसतं. कुणी म्हणालं, एवढीच हौस असेल तर दुसरी लावा. आणि अध्यक्षांनी सूचनाफलकाकडे बोट दाखवलं. भिंतीवर काहीही लावण्यास, टांगण्यास किंवा त्यात फेरबदल करण्यास समितीची परवानगी हवी.

सरांनी रीतसर अर्ज केला. समिती बसली. अध्यक्षांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आपण वेल उतरवण्याची परवानगी मागितली आहे," ते म्हणाले. "चढवण्याची परवानगी कधी घेतली होती?"

घेतली नव्हती. ती आपणहून चढली, असं सरांनी सांगितलं.

"म्हणजे दप्तरी ती वेल चढलेलीच नाही. न चढलेली वेल उतरवायची परवानगी समिती कशी देणार?"

सरांनी आयुष्यात पुष्कळ सिद्धता पाहिल्या होत्या, पण ही पाहून त्यांनाही मनातल्या मनात दाद द्यावी लागली. त्यावर तोडगा असा निघाला की सरांनी आधी वेल चढवण्याचा अर्ज करावा, मागच्या तारखेपासून. तो मंजूर झाला की ती दप्तरी चढेल आणि मग उतरवण्याचा विचार करता येईल. सरांनी चढवण्याचा अर्ज केला. त्यावर विमावाल्यांनी, जे समितीत होते, हरकत घेतली की तीन मजली वेल म्हणजे उंचीचं काम, कुणाच्या डोक्यात पडली तर जबाबदार कोण, तेव्हा आधी वेलीचा विमा उतरवावा. तो कोण उतरवून देईल हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांनी विचारलं की विमा वेलीचा काढायचा की डोक्यांचा. त्यावरून त्या दोघांचंच जुंपलं, आणि त्या धुमाळीत वेल एकमताने चढली. उतरवण्याच्या अर्जावर शेरा पडला: संबंधित रहिवाशांनी आपापल्या मजल्यावरून वेल सोडून दिल्यास समितीची हरकत नाही.

विमावाल्यांनी सोडायचं कबूल केलं, कारण त्यांना कुणाचंही वाईट व्हायला नको असे. अध्यक्षांनीही कबूल केलं, कारण शेरा त्यांनीच लिहिला होता. उरल्या सिस्टर.

त्यांनी नाही म्हटलं. रागाने नाही, आवाज चढवून नाही. दार उघडलं, नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं.

सर दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही. रोज दारात उभे राहून त्यांनी वेल उतरवण्याचं शास्त्र नव्याने मांडलं. सिस्टर शेवटपर्यंत ऐकत आणि नाही म्हणत. काकू म्हणाल्या, "अहो, शिकवून दार उघडत नसेल तर गप्प बसून बघा की एकदा." असला सल्ला मानायची सरांची रीत नव्हती. पण त्या आठवड्यात वरून एक पान गळून त्यांच्या खिडकीत पडलं, ते नखाएवढं आणि पिवळं होतं. ते घेऊन सर चौथ्यांदा जिना चढले आणि या वेळी त्यांनी काही मांडलं नाही. नुसतं पान पुढे केलं.

सिस्टरांनी त्यांना आत घेतलं. सर त्या घरात प्रथमच गेले. एक खाट, ताणून बसवलेली चादर, एक खुर्ची, एकच कप. आणि खिडकी. खिडकीच्या गजांतून वेल आत आली होती, आतल्या भिंतीवर पसरली होती आणि तिचं एकेक पान पुसून लख्ख केलेलं होतं. सगळ्या इमारतीत एवढी निगा राखलेली पानं नव्हती. सरांच्या लक्षात आलं की इथलं एकही पान कधी तोडलेलं नाही.

"मला औषधाला नकोय ती," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी उठलं की कुणाला तरी बघायची सवय आहे. रात्र कशी गेली, रंग कसा आहे. जन्मभर तेच केलं. आता ही आहे."

सरांनी भिंतीवरच्या पानांकडे पुन्हा एकदा बघितलं.

"उतरवली तर वाचेल?" सिस्टरांनी विचारलं.

"शंभर टक्के," सर म्हणाले. "खात्री ठेवा."

"डॉक्टर असं म्हणाला की मला काळजी वाटायची," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही किती वेली उतरवल्या आहेत, सर?"

सर खुर्चीवर काटकोनात बसले होते. ते हळूहळू जरा कमी अंशाचे झाले.

"एकही नाही," ते म्हणाले. "मामा उतरवायचा. मी मळ्याच्या बांधावर बसून बघायचो. किती पेरं गाडायची तेही मला नक्की आठवत नाही. पण नाही उतरवली तर ती जाते, एवढं नक्की माहीत आहे. ते मात्र मी बघितलंय."

सिस्टर उठल्या. ते पिवळं पान त्यांनी उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. मग खिडकीपाशी जाऊन गजांत अडकलेली वेल हलक्या हाताने सोडवायला लागल्या.

"हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "तर एवढे जिने चढावे लागले नसते."

रविवारी वेल उतरली. म्हणजे ती उतरावी अशी योजना होती. प्रत्यक्षात ती कोसळली. सरांनी अंगणात मधोमध उभं राहून क्रम ठरवून दिला होता: आधी तिसरा मजला, मग दुसरा, मग पहिला, आणि प्रत्येकाने सरांनी हात खाली केल्यावरच सोडायचं. विमावाल्यांनी सोडलं. अध्यक्ष मात्र तोंडी हुकमावर काही करत नसत. सरांनी नीट काय म्हटलं ते त्यांनी वरून पुन्हा विचारलं. ऐकू यावं म्हणून सर दोन पावलं पुढे आले आणि समजावण्यासाठी त्यांनी हात हलवला. अध्यक्षांना तो खाली केलेला वाटला. तीन मजल्यांची वेल, पाइपाचे पापुद्रे, एक चिमणीचं रिकामं घरटं आणि विमावाल्यांचा वाळत घातलेला बनियन असं सगळं सरांच्या अंगावर आलं. आतून सरांचा आवाज येत राहिला की घाबरू नका, अगदी असंच व्हायला हवं होतं. काकूंनी त्यांना मोकळं केलं आणि बनियन घडी करून बाजूला ठेवला.

मग सरांनी पानं खुडली आणि घरोघर वाटली. फुटक्या टाकीचा तळ आणून बुंध्याला लागून ठेवला, त्यात माती भरली, दांड्याचं वेटोळं घातलं. मामाचं वेटोळं गोल असे. सरांचं परिपूर्ण वर्तुळ झालं, कारण त्यांनी आधी मध्यबिंदू काढला होता. वर माती ओढली, शेंडा बाहेर ठेवला आणि तो एका काठीला बांधला.

पुढे काही झालं नाही. काही न होणं सोसणं ही फार अवघड गोष्ट आहे; मोठ्यांनाही ती जमत नाही. आधी लोक जाता-येता थांबत आणि हळू आवाजात विचारत, "कशी आहे?" सर म्हणत, "उत्तम." मग शेंडा मान टाकू लागला. सर म्हणत, "ही लक्षणं अपेक्षितच आहेत." मग शेंडा काळा पडून गळाला आणि काठी तेवढी राहिली. लोक विचारेनासे झाले. मागे उघडी भिंत राहिली होती, मुळांच्या बारीक खुणांनी रेघोट्या मारलेली. ती पाहून अध्यक्ष म्हणाले की दप्तरी तर वेल अजून आहे.

दाराची घंटाही थांबली. कुणाला खोकला झाला तर तो परस्पर औषधाच्या दुकानात जाऊ लागला. सर सकाळ-संध्याकाळ टाकीशेजारी स्टूल टाकून बसत. पाणी घालायला पुन्हा पुन्हा हात शिवशिवे. काकूंनी झारी उचलून माळ्यावर टाकली आणि विचारलं, पेपर लिहिणाऱ्या मुलाच्या मानगुटीवर तुम्ही असेच बसत होता का? नव्हते बसत. तेव्हा ते वर्गात शांतपणे फेऱ्या मारत आणि मुलांना आपलं आपण येईल असा भरवसा बाळगत. दुसऱ्याच्या बाबतीत भरवसा बाळगायला काही खर्च येत नाही.

सरांना आत्ता खात्री नव्हती. ती नसताना कसं बसायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण ते बसले. उठून गेले नाहीत.

सिस्टर रोज खिडकीशी येत आणि खाली मातीकडे बघत. वरून टाकी सरळ दृष्टीत येई. एके सकाळी सर स्टूलवर बसून मातीकडे बघत होते, इतके जवळून की त्यांना नुसती मातीच दिसत होती.

"सर," वरून आवाज आला. "तुमच्या डाव्या हाताला. काठावर."

सरांनी बघितलं. काठालगत तांबूस-हिरवं, गव्हाच्या दाण्याएवढं टोक मातीतून वर आलं होतं. जरा पलीकडे दुसरं. तिसऱ्याच्या डोक्यावर अजून मातीची टोपी होती. सर काटकोनात उभे राहिले. त्यांना पुष्कळ समजावून सांगायचं होतं, पण त्यांनी नुसती काकूंना हाक मारली.

बातमी दुपारपर्यंत इमारतभर झाली. कुणी चूक कबूल केली नाही. मध्यमवर्गीय माणूस तशा गोष्टी तोंडाने करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सरांनी खिडकी उघडली तर समोर दोऱ्या. विमावाल्यांनी तिसऱ्या मजल्यावरून नायलॉनची नवीकोरी दोरी सोडली होती, गुळगुळीत, चकचकीत. अध्यक्षांनी दुसऱ्या मजल्यावरून कपडे वाळत घालायची प्लास्टिकची तार सोडली होती आणि तिच्या टोकाला वजन बांधलं होतं, म्हणजे ती हलायला नको. वेलीने आपल्याकडेच यावं म्हणून दोघांनीही दोरी अगदी कोंबांच्या नाकाशी आणून ठेवली होती. आणि दोहोंच्या मध्ये पहिल्या मजल्यावरून एक पांढरी पट्टी लोंबत होती. इस्पितळातली, जाळीच्या कापडाची, जखमेला बांधायची. ती ओली होती. वरून थेंब-थेंब पाणी सुटत होतं.

खाली माणसं जमली. अध्यक्षांनी विचारलं की वेल कुठे जाईल. सरांनी सांगितलं की ती नायलॉनवर जाईल, कारण ती दोरी सगळ्यांत सरळ आहे, आणि वाढणारी वस्तू सर्वांत जवळचा मार्ग धरते. हे सिद्धच आहे.

जरा वाढल्यावर सगळ्यांत मोठ्या कोंबाने चार दिवस इकडे-तिकडे मान फिरवली. नायलॉनला टेकला आणि घसरला. अध्यक्षांच्या तारेला टेकला आणि घसरला. मग तो पट्टीला लागला, आणि त्याच्या पेरातून बारीक नख्या निघून जाळीच्या भोकांत रुतल्या. आठवड्यानंतरच्या एका संध्याकाळी तो वितीभर चढला होता, आणि चढला तोही सरळ नाही. हेलकावे घेत, वाकडातिकडा, भूमितीला न जुमानता.

पुन्हा माणसं जमली. सरांनी पट्टीकडे बघितलं, नायलॉनकडे बघितलं, घसा खाकरला. मग, जणू पहिल्यापासून आपण हेच सांगत आलो आहोत अशा भरदार आवाजात, त्यांनी वेलीला खरखरीत आणि ओलसर आधारच का लागतो ते समजावायला सुरुवात केली. पायरी-पायरीने. विमावाल्यांनी गालातलं काढून ठेवून ऐकलं. अध्यक्ष हाताची घडी घालून उभे राहिले. कुणी निघून गेलं नाही.

"सर," सिस्टरांनी खिडकीतून खाली वाकून म्हटलं, "समजावून झालं की जरा बाजूला व्हा. तिच्यावर तुमची सावली पडतेय."

"तिला सावलीच लागते, सिस्टर," सर म्हणाले. "कोवळी आहे. ऊन सोसणार नाही."

सिस्टरांनी मावळतीच्या उन्हाकडे बघितलं, कोंबाकडे बघितलं.

"मग उभे राहा तिथेच," त्या म्हणाल्या.

सर उभे राहिले.